वेगवान बसची आसनक्षमता

वस्तू नुसती विकत घेतली की तिला खर्च म्हणतात. तुलना करून घेतली की तिला धोरण म्हणतात. आणि तुलना करकरून घेतलीच नाही, तर तिला काटकसर म्हणतात. मोठ्या संस्था मोठ्या होतात त्या या तिसऱ्या वाटेने.

हे तत्त्व ज्याच्या अंगी पुरतं मुरलं होतं, असा त्या इस्पितळात एकच माणूस होता. तो खरेदी विभागाचा प्रमुख. सगळे त्याला तुलनासाहेब म्हणत. डाव्या चपलेची उजवीशी तुलना केल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे (एकदा दोन्ही नापास झाल्या, त्या दिवशी तो अनवाणी आला).

तर प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर हळू चालायला लागला. हळू म्हणजे असा, की तपासनीस बाई तो चालू करून चहा टाकत, पीत, कप विसळत, आणि मग पडद्यावर ‘कृपया’ उमटे. ‘थांबा’ जेवणानंतर. बाईंनी नवा मागितला. एका ओळीत मागितला, हीच त्यांची चूक. एवढ्याशा मागणीत तुलनेला जागा कुठे होती?

तुलनासाहेबाने जागा काढली. त्याने चिपसेटचा प्रश्न हाती घेतला.

चिपसेट म्हणजे कॉम्प्युटरातला हेडक्लार्क. स्वतः काही करत नाही, पण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाचं काम कुणापर्यंत पोचत नाही. प्रोसेसर म्हणजे साहेब. साहेब आणि बाकीचे यांच्यात ज्या वाटेने ये-जा चालते तिला म्हणतात सिस्टिम बस. नवे साहेब चपळ होते, त्यांना बसही वेगवान लागे. बाजारात दोन चिपसेट होते. एकाचं नाव पडलं थोरला, दुसऱ्याचं धाकटा. थोरल्याला १३३३ मेगाहर्ट्झची बस झेपे. धाकटा १०६६ वरच धापा टाकी, पण स्वस्त होता आणि जुन्या मेमरीला सांभाळून घेई.

शहाण्या माणसाने इथे एक उचलला असता. म्हणूनच अशा जागांवर शहाणी माणसं घेत नाहीत.

तुलना शास्त्रशुद्ध व्हायची तर जुनं यंत्रही समोर हवं. म्हणून प्रयोगशाळेतला तो हळू कॉम्प्युटर उचलून तुलनासाहेबाच्या टेबलावर आणला, त्याच्या बटणावर लाखेचं सील ठोकलं आणि वर पाटी लावली: ‘नमुना. हात लावू नये.’ यंत्र वापरलं की झिजतं, झिजलं की तुलना बिघडते. आत अडकलेले रुग्णांचे अहवाल तेवढे आतच राहिले.

त्यातला एक अहवाल तुलनासाहेबाच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा होता. ताईच्या काखेत गाठ आली होती. सर्जन म्हणाला होता, अहवाल बघू, साधी निघाली तर घरी जा, नाहीतर लवकर कापावी लागेल. ‘लवकर’ हा शब्द त्याने दोनदा उच्चारला होता.

ताई थेट भावाच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“हेच ना रे ते डबडं? दाब बटण आणि वाच.”

“ताई, सील आहे.”

“मग फोड.”

“तुलना संपल्याशिवाय फोडता येत नाही.”

“मग संपव की मेल्या!”

“घाईघाईने केली तर ती तुलना राहत नाही, ताई. नुसती निवड होते.”

ताईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “लहानपणी तुला पेरूच्या दोन फोडी दिल्या की मोठी कुठली ते तू ठरवत बसायचास. तोवर दोन्ही मीच खायचे. पाटी चुकीच्या जागी लावलीयस बघ. नमुना तो नाही, नमुना तू आहेस.”

सर्जन म्हणाला, गाठीचा दुसरा तुकडा तपासू. बाई म्हणाल्या, तपासते, पण लिहू कशात? हाताने लिहिलेला अहवाल चालणं हे इस्पितळ संगणकीकृत झालं त्याच दिवशी, हारतुऱ्यांसकट, बंद झालं होतं.

इतक्यात या खरेदीची फाइल वाहन शाखेत गेली. विषयच होता ‘वेगवान बस’, टपालवाल्याचा काय दोष? वाहन शाखेच्या प्रमुखाकडे अॅम्ब्युलन्सच्या पंक्चरांखेरीज कधी काही येत नसे. तो हरखून गेला. त्याने शेरा मारला: ‘वेगाबद्दल हरकत नाही. आसनक्षमता कळवावी.’

ही बस ती बस नव्हे, हे तुलनासाहेबाला पक्कं ठाऊक होतं. पण फाइलवरच्या शेऱ्याला ‘तुम्हाला कळलेलं नाही’ असं उत्तर लिहायची तिथे पद्धत नव्हती. त्याने तुलनेच्या तक्त्यात रकाना वाढवला. थोरला: शून्य आसनं. धाकटा: शून्य आसनं. दोन्ही उमेदवार अपात्र. मग नव्याने जाहिरात निघाली: बस १३३३, आसनं किमान तीन.

एकच उत्तर आलं, एका सुताराचं. त्याच्याकडे बाक होते. वेगाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, तुम्ही म्हणाल तेवढा.” तक्त्यात ‘गरजेनुसार’ असं लिहिलं गेलं आणि सुतार जिंकला.

प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात, फीत कापून, बाक मांडले गेले. मग रोजची पाहणी सुरू झाली. जो बसला तो समाधानी, जो उभा राहिला किंवा अहवाल विचारायला खिडकीशी गेला तो तक्रारदार, असा सोपा निकष. पूर्वी शंभरात एकही समाधानी नव्हता (बसायलाच काही नव्हतं), आता ब्याण्णव झाले. त्यात झोपलेले अकरा आणि चक्कर आलेले दोन धरले आहेत. अहवाल कुणालाच मिळाला नव्हता, पण तसा रकाना नव्हता.

तुलना संपली. आता सील फोडायला हरकत नव्हती. तुलनासाहेबाने दार लोटलं, यंत्र जवळ ओढलं, लाखेवर अंगठा टेकला. बहीण सख्खी होती. एका दाबाचं काम. पण लाख डावीकडून फोडावी की उजवीकडून? डावीकडे ती जाड होती, उजवीकडे चीर होती. त्याने कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली.

संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा ताई बाकावर होती, हात अंगापासून जरा लांब धरून.

“बाक बरा आहे रे,” ती म्हणाली.

“गाठ... आधीपेक्षा मोठी झालीय?”

“वाटाणा होता, अक्रोड झालाय. कर तुलना.”

तो उभाच राहिला. पाहणीत त्याची नोंद तक्रारदार अशी झाली, त्या दिवशीची एकमेव.

कारण बाकीच्यांचं काय? तुमचंच घ्या. ताईचा अहवाल कुठे आहे, कशाखाली अडकलाय, हे तुम्हाला मघापासून ठाऊक आहे. तरी इथवर तुम्ही सगळं आरामात बसून वाचलंत. मधेच एक-दोनदा हसलातही. उठलं कुणीच नाही.

नोंद केली आहे: समाधानी.