पांढरीचे करीमचाचा

हातात लोटा घेऊन घाईने निघालेल्या माणसाला अडवून जमिनीची मालकी विचारणारा इसम मी जन्मात एकच पाहिला. डोणगावजवळच्या आमच्या गावचे पिंजारी, करीमचाचा. पहाट झाली की गायरानाच्या तोंडाशी उभे. मी शाळेवर रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मलाही अडवलं.

"मास्तर, हे गायरान कोनाचं?"

"सरकारचं," मी म्हणालो. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा पगार खात होतो, इमान राखलं. झालं! पोटात कळ, आणि चाचांचं व्याख्यान सुरू. सरकारनं इथं गवत पेरलं काय? काळी म्हणजे शेतं, ती ज्याची त्याची. गायरान मात्र साऱ्या पांढरीचं. आणि पांढरी म्हणजे नुसती घरांखालची माती नाही, त्या घरांतली माणसं. एवढं माझ्याकडून वदवून घेतलं, तेव्हा सुटका झाली. इतक्या तळमळीने मी शाळेतही कधी शिकवलं नाही.

कुणी गायरानात कुंपण सरकवलं की चाचा कापूस पिंजायचा सोडून तिथे हजर. दोनदा मारही खाल्ला. दुसऱ्यांदा तर मार खाता खाताच मारणाऱ्याला समजावत होते, "तूबी पांढरीचाच हायेस बे."

मग एकदा मेहकरहून कारकून आला. गायरानावर हक्क कुणाकुणाचा, याची यादी करायची होती. यादीत नाव नाही, त्याचा गायरानाशी संबंध संपला. गावाने एकमुखाने पहिलं नाव चाचांचं सांगितलं. मीच ते लिहिलं. कारकुनाने विचारलं, जनावरं किती?

सगळे चाचांकडे पाहू लागले. इतकी वर्षं चराईसाठी भांडणाऱ्या या माणसाच्या दारात काय बांधलेलं आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"एकबी नाही," चाचा म्हणाले. "बायको होती तवा एक बकरी होती. दोघीबी गेल्या."

कारकून नाव खोडू लागला. "माझा एक गोऱ्हा त्यांच्या नावावर लिहा," असं पाटील म्हणाले. पण चाचांनीच हात आडवा केला. खोटं लिहायचं नाही म्हणाले. मग कारकुनापुढे उकिडवे बसून हळूच बोलले,

"जनावर नोका लिहू साहेब. नाव तेवढं राहू द्या. घरी मी एकटाच असतो. कागदावर तरी चार लोकाईत राहीन."

मला स्वतःची लाज वाटली. चार वर्षं मी त्यांची टिंगल करत आलो होतो आणि त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.  कारकुनाने जनावरांच्या रकान्यात शून्य घातलं, नाव तसंच ठेवलं आणि पुढचं नाव विचारलं.