पत्रावळ्या आणि शहाण्या शेळ्या

एका जंगलात, जिथं अजून कुणी प्लॉट पाडले नव्हते अशा एका जंगलात, दर वर्षी जत्रा भरायची. बाळांनो, मांडी घालून नीट बसा. मागच्या रांगेत कुजबुज चाललीय ती मला ऐकू येते. माझं वय झालंय, कान गेलेले नाहीत.

तर जत्रा पाच दिवसांची. गुडीशेव असायची, पाळणा असायचा, आणि अगदी टोकाला एक सिनेमाचा तंबू असायचा. तंबू द्वारकामावशींचा. द्वारकामावशी म्हणजे एक पोक्त घोरपड. तिकीट त्याच फाडायच्या, यंत्राचं हँडलही त्याच फिरवायच्या. खेळ भर दुपारी असायचा. आत अंधार व्हावा म्हणून तंबूवर घोंगड्या टाकलेल्या असायच्या.

आणि सिनेमा एकच. चाळीस वर्षं तोच. 'पत्रावळ्या आला!'

गोष्ट साधी होती. पाच शेळ्या एका ओसाड डाकबंगल्यात मुक्कामाला जातात. का जातात? जातात! उगाच मध्ये विचारू नका. तिथं पत्रावळ्या येतो. त्याच्या तोंडावर पत्रावळ बांधलेली आणि तिला डोळ्यांच्या जागी दोन भोकं. हातात विळा. तो बोलत नाही, पळत नाही. डावा पाय ओढत नुसता चालतो. ठप्... सर्र... ठप्... सर्र... एकेक शेळी कमी होत जाते. शेवटी पिंगळी नावाची धाकटी शेळी तेवढी उरते.

तुम्ही म्हणाल, पत्रावळीला काय भ्यायचं? पंगतीला बसलं की आपण तिच्यावर भातच वाढून घेतो. अरे, तेच तर! वाघाचं तोंड दिसलं की निदान कळतं, याला भूक लागलीय. पत्रावळीकडे कितीही बघा, आतला रागावलाय की हसतोय, काही म्हणजे काही कळत नाही.

त्या तंबूची एक रीत होती. पहिल्यांदा येणाऱ्यानं एकट्यानं बसायचं नाही. त्याच्या शेजारी एक जाणता बसायचा, म्हणजे ज्यानं सिनेमा खूपदा पाहिलाय असा. जाणत्यानं नवख्याचा पंजा धरायचा. सिनेमातल्या पेटीचे दोन सूर वाजले की पंजा दाबायचा, म्हणजे नवख्यानं समजायचं, आता येणार. मग तो यायचा. मग दोघं ओरडायचे, आणि दोघांत जाणता जास्त मोठ्यानं ओरडायचा. मग एकमेकांकडे बघून दोघं पोट धरून हसायचे. दिलेले पैसे तिथंच वसूल.

आता तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो. पत्रावळीच्या मागे मावशींचे मालक होते, मल्हारी घोरपडे. त्यांचा पाय लहानपणी मोडला होता, म्हणून ती तसली चाल. सिनेमा झाला आणि पुढच्याच वर्षी दरड कोसळून ते गेले. मावशींकडे त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. जे काही होतं ते त्या रिळांत होतं. एका खेळात ते अकरा वेळा चालत यायचे. सगळा तंबू डोळे मिटून घ्यायचा आणि मावशी तेवढ्या वेळात डोळे भरून बघायच्या. कुणाला हे कधी त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी वाघमहाराज जत्रेला आले.

त्यांच्या कानावर आलं होतं की प्रजा त्या तंबूत जाऊन घाबरते, आणि वर पैसे देऊन घाबरते. "आमच्याच राज्यात आम्हाला सोडून दुसऱ्याला भितात? आणि आम्हाला तर फुकट भितात!" महाराजांना फार लागलं ते. त्यांनी डोक्यावरून घोंगडी घेतली आणि गुपचूप रांगेत उभे राहिले.

"पहिलीच वेळ का?" मावशींनी विचारलं.

"हं," महाराज म्हणाले.

झालं. रीतीप्रमाणे त्यांना हरबा सशाशेजारी बसवलं. हरबानं बावीस वेळा पाहिला होता.

"चांगले धिप्पाड दिसता की," हरबा म्हणाला. "अस्वल का?"

"हं."

सिनेमा सुरू झाला. पेटी वाजली. हरबानं पंजा दाबला. आणि पत्रावळ्या आला.

बाळांनो, महाराजांनी जन्मात कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागून यायची कुणाची टाप होती? त्या दिवशी त्यांनी तीनदा वळून पाहिलं.

"घाबरू नका, अस्वलभाऊ," हरबा म्हणाला. "आता तो डावीकडून येईल."

"तुला माहीत आहे ना? मग तू का थरथरतोस?"

"अहो, माहीत आहे म्हणूनच!"

खेळ संपला तेव्हा हरबाच्या पंजावर चार ओरखडे होते. तो जत्राभर ते मिरवत फिरला. "अस्वलभाऊ फार घाबरले बिचारे," म्हणून ज्याला त्याला दाखवायचा. ते महाराजांच्या कानावर गेलं आणि महाराज मिशीपर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गवाजीरावांना बोलावलं. गवाजीराव हे गवा, आणि जंगल सुधारणा समितीचे अध्यक्ष. आता आपण घाबरलो हे महाराज कसं सांगणार? ते म्हणाले, "त्या सिनेमात चुका फार आहेत."

"अक्षम्य चुका!" गवाजीराव म्हणाले. सिनेमा त्यांनी पाहिलेला नव्हता.

"मग तो शहाणा करा. नाही झाला तर तंबू उखडा आणि रिळं नदीत टाका."

तसा लेखी हुकूम निघाला. समितीतले बाकीचे सदस्य वेळेवर उठले नाहीत, म्हणून गवाजीराव एकटेच समिती होऊन तंबूत गेले. रिळं उजेडात धरून एकेक चित्र बघू लागले. यंत्रावर लावून बघा, असं मावशी म्हणाल्या, तर "समितीला करमणुकीची परवानगी नाही," म्हणाले.

"या शेळ्या ओसाड बंगल्यात का जातात?"

"साहेब, घरी बसल्या तर सिनेमा कसा होणार?"

"ते समितीनं बघायचं नाही. कापा. आणि ही शेळी! खालून आवाज येतोय आणि ही कंदील घेऊन एकटी तळघरात? कापा. लहान मुलं काय शिकतील?" मग त्यांनी मोठा उसासा सोडला. "आणि हा इसम. शेळ्या चौखूर उधळतात, हा लंगडत चालतो, आणि तरी त्यांच्या आधी पोचतो! कुठल्या गणितात बसतं हे? हे तर सगळंच कापा."

मावशींनी ते रीळ छातीशी धरलं. घोरपडीनं एकदा धरलं की सुटत नाही, ठाऊक आहे ना?

"साहेब, बाकी हवं ते कापा," त्या म्हणाल्या. "एवढं चालणं राहू द्या. ते माझे मालक आहेत हो. माझ्याजवळ त्यांचं दुसरं काही नाही."

गवाजीराव जरा विरघळले. वाईट नव्हते ते, फक्त अध्यक्ष होते. "मावशी, तुमच्या भावना पोचल्या," ते म्हणाले. "पण हुकमात मालकांचा उल्लेख नाही. रीळ दिलं नाहीत तर तंबू जाईल आणि सगळीच रिळं नदीत जातील."

मावशींनी पंजे सैल केले. काय करणार?

आता नको असलेले कागद नष्ट करायची गव्यांची एक पद्धत असते. ते कागद खातात. गवाजीरावांनी पत्रावळ्याच्या चालण्याचे अकराही तुकडे आधी खाल्ले, कारण ते सगळ्यात आक्षेपार्ह होते. तेवढ्यानंच पोट भरलं. डाकबंगला आणि तळघर काही त्यांना जाईना. "हे नंतर," म्हणून ते तुकडे तिथंच टाकून ते ढेकर देत निघून गेले.

बरं, गवा पडला रवंथ करणारा. संध्याकाळी ते निवांत बसले आणि पहिला तुकडा तोंडाशी आला. ठप्... सर्र... गवाजीराव ताडकन उठले. परत बसले. दुसरा तुकडा आला. सात दिवस गवाजीराव दोन वासरांच्या मधोमध झोपत होते म्हणे. पण हा त्यांचा घरगुती मामला आहे, आपण कशाला बोला?

कापून उरला तो शहाणा सिनेमा लागला. पाच शेळ्या घरात बसल्या आहेत. एक म्हणते, "डाकबंगल्यावर जाऊ या का?" दुसरी म्हणते, "नको गं, तिथं धोका आहे." मग त्या मटार सोलतात. मग झोपतात. समाप्त. नऊ मिनिटं.

कुणी ओरडलं नाही. कुणी कुणाचा पंजा धरला नाही.

"शहाण्या होत्या हो शेळ्या," एक भेकर म्हणालं.

"फारच," दुसरं म्हणालं. आणि सगळे आपापल्या वाटेनं घरी गेले. त्या दिवशी जंगलात घरोघरी भांडणं झाली. तंबूत ओरडायचं राहिलेलं, ते कुठंतरी निघणारच की!

मावशी रिकाम्या तंबूत बसून राहिल्या. रीळ संपलं होतं तरी त्या हँडल फिरवत होत्या. मालक दुसऱ्यांदा गेले, असं त्यांना वाटलं. पहिल्या खेपेला निदान चार जण भेटायला तरी आले होते. आता सांगणार कुणाला?

जत्रेचा शेवटचा दिवस उजाडला. मावशींनी ठरवलं, होईल ते होईल. तंबू उखडायचा तर उखडा. त्यांनी टाकलेले तुकडे गोळा केले आणि जिथले तिथं चिकटवले. चालण्याच्या जागी मात्र लावायला काहीच नव्हतं. तिथं त्यांनी कोरी फीत जोडली, जेवढी खाल्ली तेवढीच, मापून. त्यांची जागा तरी मोकळी राहू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुपारी तंबू भरला. घोंगडी पांघरून 'अस्वलभाऊ' परत आले होते. का आले होते? त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, हुकमाची अंमलबजावणी बघायला. पण बसले ते हरबाच्याच शेजारी.

शेळ्या डाकबंगल्यात गेल्या. तंबूत लगेच बरं वाटलं सगळ्यांना. पेटी वाजली. हरबानं पंजा दाबला.

आणि पडदा कोरा झाला. पांढराफटक.

सगळे बघत राहिले. मावशींनी मान खाली घातली. हँडल तेवढं फिरत राहिलं.

तेवढ्यात हरबानं मागचा पाय जमिनीवर आपटला. ठप्. का आपटला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बावीस वेळा पाहिलेलं, पायाला सवय झालेली. कोपऱ्यातून एका मुंगसानं शेपूट ओढलं. सर्र. मग भेकरांनी खूर आपटले, माकडांनी शेपट्या ओढल्या, आणि सगळा तंबू त्या चालीनं चालू लागला. ठप्... सर्र... ठप्... सर्र... पडद्यावर काही नव्हतं. आणि तो कुठवर आलाय हे प्रत्येकाला दिसत होतं! उंबऱ्यावर आला. जिन्यावर आला. इतकी भीती चाळीस वर्षांत कुणाला वाटली नव्हती.

मावशींनी मान वर केली. नेमकी तीच चाल, तोच मोडका पाय. त्यांना मालक दिसले. मी सांगतो ना, दिसले.

"आलात? या," त्या हळूच म्हणाल्या.

पडद्यावर परत चित्र आलं. पिंगळी कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होती. मागचं दार आपोआप लागलं. आणि घोंगडीतून अशी डरकाळी फुटली की तंबूचे बांबू हलले.

"अगं पोरी, मागे बघ!"

घोंगडी खाली पडली. सगळ्यांनी वळून पाहिलं. साक्षात वाघमहाराज! उभे होते, डोळे फाडून पडद्याकडे बघत होते, आणि सशाचा पंजा त्यांच्या पंजात होता.

"महाराज," हरबा म्हणाला, "जरा हळू. पुढचं ऐकू येत नाही."

"चुकलं," महाराज म्हणाले आणि खाली बसले.

सिनेमा शेवटपर्यंत झाला. मग घोंगड्या वर झाल्या, ऊन आत आलं, आणि त्या उजेडात सगळ्यांना वाघ अगदी वाघासारखा दिसला. जो तो जिवाच्या आकांतानं पळाला. आता मात्र कुणी हसत नव्हतं. हरबालाही पळायचं होतं, पण त्याचा पंजा अडकलेला.

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. दोन तास काही खाल्लेलं नव्हतं त्यांनी.

"उद्या आहे का खेळ?" त्यांनी विचारलं.

"जत्रा संपली, महाराज. आता पुढच्या वर्षी."

"तेव्हा आमच्या शेजारी कोण बसणार?"

"मीच बसेन की," हरबा म्हणाला. "असलो तर."

महाराजांनी बराच विचार केला आणि पंजा सोडला. मग ते यंत्रापाशी गेले. मावशी हात जोडून उभ्या राहिल्या. आता तंबू जाणार, असंच त्यांना वाटलं.

"तो लंगडत येतो तो, पत्रावळीवाला," महाराजांनी विचारलं, "कोण तो?"

"माझे मालक, महाराज. मल्हारी घोरपडे. आता नाहीत ते."

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

"आम्हाला," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आम्हाला त्यांची फार भीती वाटली हो."

मावशी घळाघळा रडल्या. मालकांचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मग महाराजांनी तो हुकमाचा कागद गवाजीरावांना खायला लावला.

तात्पर्य: संकटाची चाहूल लागली की घरात बसावं आणि मटार सोलावेत, म्हणजे आयुष्य वाढतं. पण बाळांनो, त्या आयुष्यात एकदा तरी रांगेत उभं राहून, दुसऱ्या कुणालातरी एकटंच तळघरात उतरू द्यावं आणि घसा बसेपर्यंत ओरडावं. आणि शेजारी वाघ बसला असेल, तर देवाजवळ एवढंच मागावं की सिनेमा लांबलचक असू दे.