देवपुरातलं एका माणसाचं ऑफिस

नानांनी एकदा स्वतःलाच लेट मार्क दिला. अंघोळीचं पाणी तापायला वेळ लागला, साडेदहाचे पावणेअकरा झाले, आणि बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या मस्टरवर त्यांनी स्वतःच्या नावापुढे फुली मारली. त्या मस्टरवर नाव एकच होतं.

"अहो, बंबाने दगा दिला, त्यात तुमचा काय दोष?" मी म्हणालो.

"घरच्या अडचणी साहेबाला सांगायच्या नसतात, भाऊ. ऑफिस म्हणजे ऑफिस!"

नाना धुळ्याच्या देवपुरात आमच्या शेजारी राहत. बियाण्याच्या एका कंपनीत मराठी टायपिस्ट. कंपनीने धुळ्याचं ऑफिस बंद करून सगळ्यांना जळगावला हलवलं, पण त्यांच्या बायकोचे, अक्कांचे, गुडघे धरलेले, त्यामुळे नानांना जाता येईना. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. साहेब भला माणूस. म्हणाला, टाइपरायटर घरी घेऊन जा, कागद पाठवत जाऊ. मी नोकरीसाठी रोज धुळे-जळगाव अप-डाउन करायचो, तेव्हा ती ने-आण आपसूक माझ्या गळ्यात पडली.

घरी बसून नोकरी करायची असते हे आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. नानांनीही नाही. सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, डबा सायकलला लावून पुढच्या दाराने निघत, पांझरा नदीच्या पुलापर्यंत सायकल हाणत, आणि परत येऊन मागच्या दाराने 'ऑफिसात' शिरत. एकदा शिरले की अक्कांना ओळख देत नसत. गॅस संपल्याचं सांगायला आलेल्या अक्कांना त्यांनी "लंच टाइममध्ये भेटा" म्हणून परत पाठवलं होतं.

अक्का भिंतीपलीकडून ओरडत, "भाऊ, या मानुसले काही सांगा हो! घरमा शे आनि घरमा नही शे!"

संध्याकाळी मी कागद घेऊन गेलो की चौकशी सुरू. शेजारच्या टेबलचा चौधरी अजून उशिरा येतो का? चहा कोण सांगतं? माझ्या खुर्चीवर कोण बसतं? मी जळगावच्या ऑफिसात कागद देऊन दोन मिनिटांत निघणारा माणूस, मला काय ठाऊक! मी कंटाळून "सगळं ठीक" म्हणायचो आणि सटकायचो.

पाच-सहा महिन्यांनी नाना चुकायला लागले. तीस वर्षांत ज्यांना खोडरबर लागलं नाही, त्यांच्या पत्रात सोनगीरच्या गोण्या नरडाण्याला उतरू लागल्या. कागद दुरुस्तीला परत येत. त्यावर चौधरी समासात लिहायचा, "नाना, सोनगीर कधी हललं?" नाहीतर, "चष्मा बदला, नाना. वहिनींना बदलता येत नाही." मला ते कागद आणताना लाज वाटायची. नाना मात्र दारातच उभे राहून ते दोन-दोनदा वाचत.

एक दिवस साहेबांनी मला आत बोलावलं. "नानांची नजर गेलीय. आणखी एकदा असं झालं तर काम इथल्या टायपिंगवाल्याला देतो. तेवढं त्यांना सांगा."

मी सांगितलं. नाना बराच वेळ कार्बनच्या कडा जुळवत बसले. मग माझ्याशी कधी न बोललेल्या बोलीत म्हणाले,

"नजर चांगली शे, भाऊ. बरोबर कागदवर कोन्ही काही लिखत नही. चुकनं का चौधरी दोन शब्द लिखस."

मला त्यांचा राग आला. "नाना, नोकरी जाईल!" एवढंच मी बोललो.

दुसऱ्या सकाळी त्यांनी चौदा पानं दिली. बसमध्ये मी ती तपासली. सोनगीर सोनगीरला होतं, नरडाणा नरडाण्याला. साहेब खूश झाले, काम नानांकडेच राहिलं. चौधरीने पानं भराभर उलटली, फायलीत लावली आणि दुसरी फाईल ओढली. समास कोरेच राहिले.

संध्याकाळी नाना दारात वाट बघत होते. काम राहिलं म्हणताच त्यांनी वर बघून हात जोडले. मग इकडे-तिकडे बघत विचारलं, "चौधरी काही म्हणाला?"

"म्हणाला ना!" मी थाप मारली. "म्हणाला, आज नानांची एकही चूक नाही, दिवसभर करमलं नाही."

नाना चौधरीला तीस वर्षं ओळखत होते. थाप त्यांना तिथल्या तिथे कळली असणार. तरी त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले.

"बसा ना, भाऊ. आणखी काय म्हणाला?"

मी बसलो.