सुभानरावांनी ग्राफिक्स कार्ड मिळविले त्याची हकीकत

श्री विघ्नहर्ता समर्थ, वीजदेवता अखंड राहो. शके १९४७ विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावणमासी, दोन खोल्यांच्या एका राज्यी राजपुत्र सुभानराव यांचे संगणकाने ऐन रणात दगा दिधला. शत्रू समोर उभा, सुभानरावांनी नेम धरिला, आणि पडद्यावरील चित्र जे थिजले ते थिजलेच, आणि हलले तो सुभानराव मरोन पडले होते. गेमची नवी, जड आवृत्ती आली त्या एका आठवड्यात ऐसे अकरा वेळ जाहले. तेव्हा चौघा गड्यांचे पथकाचे म्होरके हैबतराव यांनी हेडफोनातून निर्वाणीचे सांगितले, "सुभान्या, दसऱ्याला स्पर्धेची मॅच आहे. तोवर नवीन ग्राफिक्स कार्ड टाक, नाहीतर तुझ्या जागी मी दुसरा घेतो. राग मानू नको, पण तू मरतोस आणि आम्हालाही घेऊन मरतोस." सुभानराव बहुत खिन्न जाहले. तीन वर्षे या पथकात काढिली, दुसरे मित्र म्हणोन नव्हतेच. जागा गेली तर संध्याकाळी बोलावे कोणाशी? मग त्यांनी पिताश्री आबासाहेब महाराज पेपर वाचीत असता अर्ज गुदरला. महाराज चष्म्यावरोन पाहते जाहले आणि म्हणाले, "तीस हजार. एकदाच. पुन्हा पाच वर्षं त्या डब्याचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही."

मग सुभानरावांनी व्हिडिओवाले पंडितांची मसलत घेतली, आणि तेथोन त्यांचे डोके उठले ते उठले. एक पंडित वदले की आठ जीबीची मेमरी पुष्कळ, दुसरे वदले की आठ जीबीचे कार्ड घेणारा मूर्ख, बारा घ्यावी, आणि तिसरे, जे सर्वांत मोठ्याने बोलत, ते म्हणाले, "मित्रांनो, थांबा! पुढच्या महिन्यात नवी पिढी येतेय, जुनी कार्डं स्वस्त होणार." सुभानराव थांबले. नवी पिढी आली ती पन्नास हजारांची निघाली, आणि तिची किंमत ऐकोन जुनी कार्डेही भाव खाऊ लागली. तेव्हा तेच पंडित म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं, वेळेवर घ्या." आता ऐशास काय म्हणावे? एवढ्यात भाद्रपद वद्यात एक उत्तम कार्ड एकोणतीस हजारांस लागले, सुभानरावांनी बटणावर बोट नेले, आणि मातोश्री आईसाहेब कणीक मळीत होत्या त्या तशाच हाताने बाहेर आल्या. "पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही म्हणजे नाही. घट बसू देत, मग काय आणायचं ते आण." "आई, तोवर किंमत वाढेल!" "वाढू दे. पितर काय रोज येतात?" घट बसले, आणि तेच कार्ड चौतीस हजारांस गेले. सुभानरावांनी उशीत तोंड घालोन जे शब्द उच्चारिले ते या बखरीत लिहिण्याजोगे नव्हेत.

अखेर त्या कार्डाचे धाकटे भावंड शोभेल ऐसे एक कार्ड बरोबर तीस हजारांस घेतले. दुकानदार म्हणाला, "साहेब, यात सगळं पळतं." आश्विन शुद्ध सप्तमीस सुभानरावांनी जुने काढोन नवे बसविले, श्वास रोखोन गेम चालविला, शत्रू समोर आला, नेम धरिला, आणि चित्र थिजले. पूर्वीसारखेच थिजले. सुभानरावांस रडू आले. दुकानदारास फोन केला, तो म्हणे ड्रायव्हर टाका, टाकिला. म्हणे सगळे पुसोन नव्याने भरा; भरिले. तेव्हा म्हणे, "मग प्रोसेसर बदला." आणि हैबतरावांचा निरोप आला, "नवमीच्या दुपारपर्यंत बघतो. मग तुझ्या जागी मी ओंकारला विचारतो."

नवमी उजाडली. खंडेनवमीस शस्त्रे पुजावी ही रीत, आणि या राज्यी शस्त्रे म्हणजे विळी, शिवणयंत्र, महाराजांची स्कूटर आणि सुभानरावांचा संगणक. आईसाहेबांनी टेबलाखालील डबा ओढोन बाहेर काढिला, मागील तारा उपटिल्या, तीन वर्षांची धूळ पुसली, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेविले, आणि तारा परत खोविल्या. सुभानराव स्नान करोन आले तो डोक्यास हात लावोन ओरडले, "आई, कुठली तार कुठं लावलीस?" "ती पडद्याची ना? ती वरच्या भोकात होती. खाली नवीन वस्तूला तसलंच भोक रिकामं दिसलं, तिथं लावली. नवीन आणलंय तर नव्यात लावायला नको?" सुभानराव चडफडत बसले, आणि संगणक चालविला, आणि गेम चालविला, आणि चित्र लोण्यासारखे सरकले. एकदाही थिजले नाही. हैबतरावांस निरोप गेला, ओंकारास विचारणे राहिले, आणि दसऱ्यास सुभानरावांनी एकोणीस गडी लोळविले. हैबतराव म्हणाले, "सुभान्या, तू नसतास तर आज गेलो होतो रे." सुभानरावांचे कान आनंदाने तापले.

परंतु एकादशीस त्यांचे मनी एक शंका आली, आणि ती न येती तर बरे होते. त्यांनी नवे कार्ड काढोन जुने बसविले, तार त्याचे भोकात खोविली, आणि गेम चालविला. जुन्यानेही चित्र झकास सरकले. तेव्हा उमगले की तीन वर्षांपूर्वी घर बदलिले ते दिवशी आपणच पडद्याची तार वरचे भोकात, म्हणजे कार्डाऐवजी मदरबोर्डास लाविली, आणि तेव्हापासोन चित्रे काढणारे कार्ड बिचारे आत रिकामे बसोन होते. सुभानरावांनी जुने कार्ड पुन्हा काढिले आणि ते हाती घेवोन भुईवर बसले. इतक्यात महाराज दारी आले आणि पुसते जाहले, "काय रे, पडला का फरक तीस हजारांचा?" सुभानरावांनी जुने कार्ड मांडीखाली सारिले आणि म्हणाले, "पडला, आबा." आतून आईसाहेब बोलिल्या, "मी पूजा केली म्हणून." सुभानराव म्हणाले, "हो आई. त्यानंच."

येणेप्रमाणे पथकातील जागा राहिली, तीस हजार खर्ची पडले, आणि अवघ्या मसलतीत खरे बोलणाऱ्या एक आईसाहेबच निघाल्या, हे त्यांस कोणी सांगितले नाही. घडले तैसे लिहिले, महाराजांस वाचावयास देऊ नये.