ओमाहाच्या डावखुऱ्याचा करारनामा

गुरांचा बाजार आणि मिसूरी नदी यांस साक्ष ठेवून ओमाहाच्या ड्रोव्हर्स नामक बेसबॉल पथकाची हकीकत लिहितो, ती जैसी घडली तैसी. पदरची भर घातलीच तर बेताने. पथकाच्या मुख्य कारभारी राजमान्य राजश्री इर्माबाई ड्वोराक, उमर छप्पन्न, खेळाडू बाळगणे व सोडणे हा अवघा कारभार त्यांचे हाती. त्यांचे मनी एक सल बहुत दिवसांचा होता. पूर्वी एक नामांकित गोलंदाज त्यांनी घाई नको म्हणून वेळेवर बांधून घेतला नाही, आणि मग तो समुद्रकाठच्या धनाढ्य पथकास जाऊन मिळाला, आणि दरसाल ओमाहास येऊन यांचीच फलंदाजी कापून काढी, आणि जाते समयी टोपी उंचावून बाईंस सलाम करी. तो सलाम बाईंस बहुत झोंबे.

ऐसियात वेड लिंडक्विस्ट म्हणोन चोवीस वर्षांचा डावखुरा गोलंदाज पथकात उदयास आला. ट्रॅक्टर विकणाऱ्याचा पुत्र, बोलणे थोडके, शब्दाचा ऐसा पक्का की गावच्या खाणावळीने कॉफी पातळ केली सबब चार वर्षे तेथे पाऊल टाकले नाही. त्याच्या जुन्या कराराची दोन वर्षे बाकी होती. तरी आताच आठ वर्षांचा नवा करारनामा करून त्यास बांधावे की सबूर करावी, या एका मसलतीत अवघा हिवाळा खर्ची पडला. आकडेमोडीचे फडणीस प्रेस्टन यूल यांनी विरोधाचे निशाण उभारिले.

"बाई, गोलंदाजाचं कोपर म्हणजे काच. उद्या तडकलं तर आठ वर्षं त्याला बघत बसणार का आपण?"

"आणि नाही तडकलं तर? दोन वर्षांनी तो माझा फोन तरी उचलेल का रे?"

"माझे आकडे सांगतात थांबा."

"गेल्या खेपेलाही तुझे आकडेच बोलत होते. सलाम मात्र मला खावा लागतो!"

मग प्रकरण हुजुरात गेले. पथकाचे धनी श्रीमंत एल्मर हॉक्सी, वय ऐंशी, यांनी जर्दाळूचा मुरंबा भरलेली 'कोलाची' नामक गोड पावरोटी खात खात फर्मान काढिले की विचार करू. आणि पुढील सप्ताही तेच, आणि त्यापुढेही तेच. इकडे वेडने आपले फर्मान धाडिले की हंगामाच्या पहिल्या सामन्याचा अखेरचा गडी बाद होईतो सही होईल, तदनंतर याविषयी एक अक्षर नाही, करार संपताच आपण मोकळे. कलमे दोहीकडील वकिलांनी घासून पुसून सिद्ध ठेविली होती. फक्त दोन सह्या उण्या होत्या.

पहिला सामना उभा राहिला. थंडी कडाक्याची, तीस सहस्र रयत घोंगड्या पांघरून बसली, आणि वेड ऐसा चेंडू टाकू लागला की शत्रूचे फलंदाज हवेस झोडपू लागले. सहाव्या डावी श्रीमंतांच्या हातची कोलाची गळून पडली, आणि त्यांनी त्याच बोटांनी कागद ओढून सही ठोकिली, आणि शेजारी मुरंब्याचे मोर्तब आपसूक उमटले. बाई कागद घेऊन जिने उतरत धावत खेळाडूंच्या बाकड्यापाशी आल्या आणि थबकल्या.

बाकड्यावर वेड एकटाच बसला होता, दोही बाजूंस माणूस नाही. बाईंनी फलक पाहिला. शत्रूचे फटके शून्य! नऊ डाव एकही फटका पडू न देणे हा पराक्रम गोलंदाजाच्या जन्मात एकदा घडला तरी नशीब. आणि तो घडत असता त्याच्याशी बोलू नये, जवळ बसू नये, नाहीतर पराक्रम मोडतो, ही या खेळाची कडक शिवाशिव. पथकाचे सेनापती बक टॉलिव्हर आडवे आले.

"बाई, तिथंच थांबा! एक शब्द काढलात तर आजपासून तुमची-आमची ओळख नाही."

"अरे, सामना संपला की माझा करार मेला!"

"मरू दे. पोराचा दिवस मारू नका."

मग बाई दाराशी कागद उराशी धरून उभ्या राहिल्या. सातव्या डावी त्यांच्या मनी आले की देवा, शत्रूस एक फटका दे, लहानसा चालेल, म्हणजे शिवाशिव तरी सुटेल. आणि तत्क्षणी त्यांस स्वतःची ऐसी लाज वाटली की कान तापले. तीस सहस्रांत ऐसे मागणारी आपण एकटीच! आठव्या डावी त्यांनी ठरविले की सलाम आणिक एकाचा सोसू, परंतु या मुलाच्या आनंदात तोंड घालणार नाही. आणि कागदाची घडी घालून खिशात ठेविली. डोळे भरून आले ते थंडीने, ऐसे त्या अद्याप सांगतात.

नववा डाव उरला. पथक एका धावेने पुढे. तेव्हा वेड उठला आणि थेट बाईंपाशी आला. अवघे बाकडे भिंतीस चिकटले.

"बाई, घडी कशाला घातली? पेन आहे का?"

बाईंनी ओठ घट्ट मिटून मान हलविली.

"तुम्ही बोलू नका. मला बोलायला कुणी बंदी केलीय? माझा शब्द शेवटच्या गड्यापर्यंतचा आहे. द्या इकडं. हे काय चिकट लागलंय?"

आणि टॉलिव्हरांचे पेन घेऊन, त्यांच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. "संपलं! झालं वाटोळं!" ऐसे सेनापती ओणव्यानेच कण्हले.

नवव्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर शत्रूने सरळ, स्वच्छ फटका हाणिला. तीस सहस्र रयतेने ऐसा सुस्कारा टाकिला की घोंगड्या हलल्या. बाईंनी तोंड झाकून घेतले. वेडने फक्त खांदे उडविले, पंचांकडून तो चेंडू मागून बाकड्याकडे फेकिला, आणि उरले तिन्ही गडी निमूट बाद केले.

येणेप्रमाणे ड्रोव्हर्स यांची फत्ते जाहली, एक धाव विरुद्ध शून्य, फटका एक. आणि आठ वर्षांचा करारनामा मुरंब्यासुद्धा दप्तरी दाखल जाहला. त्या फटक्याचा चेंडू वेडने सायंकाळी बाईंच्या मेजावर करारनाम्याच्या नकलेवर ठेविला आणि म्हणाला, "उडून जाईल, वजन असू द्या." बाईंनी तो अद्याप हलविला नाही.