चकलीला नावं ठेवा!

शोभाचे दहाही फॉर्म नबील सरांनी परत केले. समोरच्या दारातल्या हमिदाभाभींपासून वरच्या मजल्यावरच्या नंदूपर्यंत सगळ्यांनी एकच लिहिलं होतं : 'व्हेरी नाइस'.

"मॅडम, हा सर्व्हे नाही, ही ग्रीटिंग कार्डं आहेत," सर म्हणाले. "मला तुमच्या चकलीतले दोष हवेत. रविवारपर्यंत दहा परकी माणसं, प्रत्येकाचा एक तरी खरा दोष. घरच्यांचे फॉर्म चालणार नाहीत. नाहीतर मेळ्यातला स्टॉल खलास!"

२००६ साली दोह्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शोभा संध्याकाळी उद्योजकतेचा कोर्स करत होती. चौदा वर्षं तिच्या रेसिडेन्स परमिटवर 'हाउसवाइफ' छापून येत होतं आणि त्याचा तिला मनापासून वीट आला होता. कोर्स पार पडला, की कॉलेजच्या मेळ्यात 'शोभाज चकली' अशी पाटी लावून तीन तास उभं राहता येणार होतं. ती पाटी तिला हवी होती.

ती कोरे फॉर्म आणि डबा घेऊन अल मुंतझातल्या आपल्या बिल्डिंगमध्ये परत फिरली. पहिलं दार हमिदाभाभींचं.

"अगो, तुज्या हातच्या चकलीला मी नावा ठेवू? बरा दिसतंय काय ता?"

"मैत्रीखातर ठेवा, भाभी."

हमिदाभाभींनी तुकडा चावला आणि इकडेतिकडे पाहिलं. "जरा कडक हाय."

"कडक? भाजणी नाशिकहून आलीय! ह्याला खुसखुशीत म्हणतात. तुमची दाढ दुखतेय का?"

दाढ दुखत नव्हती, पण भाभींनी 'कडक' खोडून टाकलं.

वर नंदू चाचरत म्हणाला, "वहिनी, तेल जरा जास्त..."

"भावजी, कोलेस्टेरॉल वाढल्यापासून तुम्हाला सगळीकडे तेलच दिसायला लागलंय!"

नंदूने 'तेल' खोडलं. नंदू आणि शोभाचा नवरा संजीव मेसईदच्या एकाच प्लांटमध्ये होते आणि कोलेस्टेरॉलची गोष्ट त्याने संजीवला विश्वासाने सांगितली होती. नंदूच्या बायकोला ती त्या क्षणी कळली. वरच्या घरात उकडलेल्या भाज्या सुरू झाल्या आणि कंपनीच्या बसमध्ये नंदू संजीवशेजारी बसेनासा झाला.

शुक्रवारपर्यंत बिल्डिंगमधली दारं शोभाची चाहूल लागली की आतून शांत व्हायला लागली. लेक अनुष्का म्हणाली, "आई, यू आर्ग्यू विथ एव्हरीवन. दे आर स्केअर्ड."

"मी कुठे वाद घालते? खरं काय ते सांगते."

कसेबसे नऊ फॉर्म झाले. नवव्यातही एक दोष होता आणि तोही खोडलेला होता. रविवारी कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबवून संजीवने तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. चारही बाजूंनी पिना मारलेलं.

"आमच्या प्लांटमधल्या एकाने टाइप करून दिलाय. नाव नको म्हणाला. सरांनीच उघडावं, असंही म्हणाला."

वर्गात सरांनी आधी नऊ फॉर्म उजेडात धरून पाहिले. "नऊ गिऱ्हाइकांना तुम्ही हरवलंत, मॅडम. अभिनंदन." मग त्यांनी पिना काढल्या आणि मोठ्याने वाचायला घेतलं. एकूण अकरा दोष होते, क्रमांक घालून.

"पाच. शेवटचं टोक नीट चिकटवत नाहीत, त्यामुळे तळताना चकली उलगडते. आठ. चकली गरम असतानाच डबा बंद करतात, म्हणून तिसऱ्या दिवशी मऊ पडते. दहा. नाशिकहून बहिणीचा फोन आला, की तो घाणा करपतो."

शोभाचे कान तापले. आज रात्री संजीवला जेवायला काय वाढायचं, ते तिने तिथल्या तिथे ठरवलं. काहीही नाही.

"अकरा," सर वाचत होते. "वरील दोष तोंडी सांगण्याची सोय नाही."

वर्ग हसला. सरांनी चष्मा काढला. "हा माणूस किती वर्षं तुमची चकली खातोय?"

"सोळा," तिच्या तोंडून निसटलं.

"सोळा वर्षं? दहा-अकरा तक्रारी असून दुसऱ्या दुकानात गेला नाही? असं गिऱ्हाईक मला तर जन्मात मिळालं नाही. त्याच्याशी वाद घालू नका. तो म्हणेल ते ऐका." मग त्यांना शंका आली. "घरचा नाही ना?"

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. शोभाच्या डोळ्यांसमोर ती पाटी आली.

"नाही सर," ती म्हणाली. "माझा कोणी लागत नाही."

"मग ठीक. खोडलेले दोषही वाचता येतायत, तेही धरतो. यल्ला, चला, स्टॉल तुमचा!"

खाली संजीव गाडीतच बसून होता. शोभाने दार जरा जोरात लावलं. पहिल्या राउंडअबाउटला संजीवने विचारलं,

"काय झालं?"

"मिळाला स्टॉल."

"वा! आणि... त्या प्लांटमधल्या माणसाबद्दल काही म्हणाले सर?"

 शोभाला राग तर आलाच होता. पण आठवा दोष खरा होता. डबा उघडताना तो दर वेळी तिच्याही हाताला लागत होता आणि दर वेळी ती दोह्याच्या हवेला नावं ठेवत होती.

"म्हणाले, त्याच्याशी वाद घालायचा नाही," ती म्हणाली. "तो म्हणेल ते ऐकायचं."

संजीवने इंडिकेटर दिला, गाडी अलगद कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"शोभा," तो म्हणाला, "कॉलेज हे लेखी देतं का?"