अप्पांच्या टाकीवरचं कार्ड

उमरग्यात माणसं मोटरीशी भांडतात. परवा चहाच्या गाड्यावर एक शेतकरी फोनवर खेकसत होता, "व्हय, व्हय, कळलं, आलोच की," आणि पलीकडे होती विहिरीवरची मोटर. याला जबाबदार आमचे शिवमूर्तीअप्पा.

अप्पा माझे शेजारी आणि दुकानातले भागीदार. लाइट येऊन मोटर चालू झाली की शेतकऱ्याला फोन करून सांगणारं कार्ड ते बनवतात. बाजारातल्या कार्डात एकच बाई साऱ्या मुलखाला सांगते, मोटर चालू झाली आहे. अप्पांना ते खपत नाही. "शेतात परका आवाज कामून? घरच्यानं सांगितलं तर माणूस उठतो." म्हणून ते गिऱ्हाइकाच्या घरच्यांना दुकानात बोलावतात, चहा पाजतात आणि त्यांचा आवाज भरतात. एका म्हातारीनं मोटरीबरोबर म्हशीचीही चौकशी भरली. अप्पांनी एक शब्द कापला नाही.

आता एवढी बडबड छोट्या मेमरीत कशी मावणार? मोठी चिप लागते, ती महाग, आणि कार्डाचा नफा तिथंच संपतो. हे सांगून सांगून माझा घसा बसला. अप्पांच्या चष्म्याची काडी सुतळीनं बांधलेली आहे, चहा ते अर्धाच मागवतात, पण "चिपीत काटकसर न्हाय."

मागच्या आठवड्यात सोलापूरचा व्यापारी आला. एकगठ्ठा ऑर्डर, अट एकच: छोटी चिप, सगळ्यांना एकच आवाज. त्यावर आमचं दुकान तरलं असतं, नाहीतर शटर ओढायची वेळ आलीच आहे. अप्पांनी त्याला विचारलं, "तुमाला सकाळी कोण उठवतं?"

"मोबाइलचा गजर."

"मग तुमाला न्हाय कळायचं," म्हणत अप्पांनी नमुन्याचं कार्ड पिशवीत टाकलं.

माझं डोकंच फिरलं. आपण मर मर मरायचं आणि यांनी आलेली लक्ष्मी दारातून परत पाठवायची! भागीदारी मोडायची असं ठरवूनच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. अप्पा एकटे राहतात. लग्न केलं नाही, भाऊबंद कर्नाटकात, कुणी येत नाही. ते न्हाणीत होते. बाजेवरचा फोन वाजला म्हणून मी उचलला, तर पलीकडून मीच ओरडलो:

"अप्पा, टाकी भरली. कितीदा सांगायचं? बटन बंद करा. अन् उपाशी झोपू नका, तुमच्यापायी आमालाबी घास जात न्हाय."

त्यांच्या टाकीवरचं कार्ड बोलत होतं. उन्हाळ्यात पाणी वाहून चाललेलं बघून मी भिंतीवरून असाच ओरडलो होतो. ते त्यांनी तेव्हाच मोबाइलवर टिपून कार्डात भरून ठेवलं होतं.

अप्पा तोंड पुसत बाहेर आले. माझ्या हातातला फोन बघून जरा ओशाळले.

"तुजं रागावणं लई लांब," ते म्हणाले. "छोट्या चिपीत मावंना."

मी जाऊन बटण बंद केलं. भागीदारीचं बोलायचं राहूनच गेलं.